नेट रडतंय, बिल मात्र पूर्ण: ब्रॉडबँडची तक्रार शेवटपर्यंत कशी न्यावी

"नेट फार स्लो चाललंय हो," असं कस्टमर केअरला सांगितलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. राउटर बंद करून चालू करा, चोवीस तास वाट बघा, आमचा माणूस येईल. माणूस दुपारी येतो, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट करून दाखवतो, आकडा बरा दिसतो आणि तक्रार बंद होते. रात्री साडेनऊला पुन्हा व्हिडिओ गोल गोल फिरायला लागतो. दोन-चार वेळा असं झालं की माणूस नाद सोडतो, आणि ऑटो-पे मात्र दर महिन्याला पैसे कापत राहतं.

यातून मार्ग निघतो तो तक्रार आकड्यांत मांडली तरच. वायर लावून मोजलेला वेग, प्लॅनमध्ये लिहून दिलेल्या अटी, तक्रारीचा डॉकेट नंबर (म्हणजे नोंदणी क्रमांक) आणि तारखा, एवढ्या गोष्टी हातात असल्या की बोलण्याचा सूर बदलतो आणि वरच्या पायरीवर जाताना मोकळ्या हातांनी जावं लागत नाही. हा लेख घरगुती ब्रॉडबँडपुरता आहे: फायबर, केबलवाल्याकडून घेतलेलं नेट आणि गच्चीवर किंवा खिडकीबाहेर डबा लावून मिळणारं एअरफायबर.

आधी प्लॅन नीट वाचा

प्लॅनचं पान किंवा शेवटचं बिल समोर घ्या आणि चार गोष्टी शोधा: वेग, डेटाची मर्यादा, मर्यादा संपल्यावरचा वेग आणि करासह एकूण रक्कम.

वेग सेकंदाला किती मेगाबिट (एमबीपीएस) असा लिहिलेला असतो, फाइल मात्र मेगाबाइटमध्ये मोजली जाते. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतील आणि एक जीबीची फाइल यायला कमीत कमी ८० सेकंद लागतील. डाउनलोडच्या खिडकीत "११ मेगाबाइट प्रतिसेकंद" दिसलं म्हणून कोणी तक्रार करायला धावू नये. ती जोडणी उत्तम चालली आहे.

"अनलिमिटेड" लिहिलेल्या प्लॅनलाही जवळजवळ नेहमी मर्यादा असते. तिला फेअर यूसेज पॉलिसी म्हणतात. बोलताना सगळे एफयूपीच म्हणतात. मोठ्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनमध्ये ती साधारण ३,३०० जीबीच्या आसपास असते, एअरफायबरमध्ये बहुतेकदा १,००० जीबी. चार माणसांच्या घराला ३,३०० जीबी पुरून उरतात. फुल एचडी व्हिडिओ तासाला सुमारे ३ जीबी खातो, फोर-के सुमारे ७ जीबी. रोज सहा तास फोर-के पाहिलं तरी महिन्याला १,२६० जीबी होतात. मात्र याच हिशेबाने एअरफायबरचा कोटा महिना संपायच्या आत उडतो. त्यात सीसीटीव्हीचं क्लाउडवर चोवीस तास रेकॉर्डिंग असेल तर आणखी लवकर. घरात मोठा टीव्ही आणि मुलांचं गेमिंग असेल तर एअरफायबर घेण्याआधी हा हिशेब कागदावर मांडाच.

मर्यादा ओलांडल्यावर काय होतं हे सगळ्यांत बारीक अक्षरात असतं, आणि खरी मेख तिथेच आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशानुसार मर्यादा किती, मर्यादेपर्यंत वेग किती आणि त्यानंतर किती, हे कंपनीने प्लॅनसोबत स्पष्ट सांगायला हवं. वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोचला की ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवायला हवं, आणि वायरच्या ब्रॉडबँडवर मर्यादेनंतरही वेग ५१२ केबीपीएसच्या (सुमारे अर्ध्या एमबीपीएसच्या) खाली नेता येत नाही. असा मेसेज कधीच आला नसेल तर तो तुमच्या तक्रारीतला एक स्वतंत्र मुद्दा आहे. आणखी एक लक्षात ठेवा: जानेवारी २०२३ पासून सरकारी व्याख्येनुसार "ब्रॉडबँड" म्हणजे किमान २ एमबीपीएस. आधी ही व्याख्या ५१२ केबीपीएसवर होती.

पैशांचं पाहू. जाहिरातीतल्या ४९९ वर १८ टक्के जीएसटी लागून ५८८ रुपये ८२ पैसे होतात; ९९९ चे १,१७८ रुपये ८२ पैसे. हा कर आहे, त्यावर भांडून उपयोग नाही. भांडायचं ते बाकीच्या रकमांवर. जोडणी घेण्याआधी हे प्रश्न व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लेखी विचारा, तोंडी उत्तरावर विसंबू नका:

- इन्स्टॉलेशन फुकट आहे ते सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरले तरच का? मध्येच सोडलं तर उरलेले पैसे परत मिळतात का?
- राउटर माझा की कंपनीचा? अनामत किती आणि ती परत कधी मिळणार?
- ओटीटीचं पॅकेज प्लॅनमध्ये आहे की पहिले काही महिनेच फुकट?
- बिल उशिरा भरलं तर दंड किती, आणि पुन्हा जोडणीचे पैसे लागतात का?

सगळ्यांत जास्त पैसे अडकतात ते वर्षभराच्या आगाऊ रकमेत. "बारा महिने भरा, दोन महिने फ्री" हे हिशेबाने बरं दिसतं, पण नवीन भागात, नवीन कंपनीकडून घेताना पहिला महिना सुटाच घ्या. दोन महिन्यांची सूट गेली तर जाऊ द्या. रात्रीचा वेग कसा आहे ते कळल्यावर वर्षाचे पैसे भरता येतात. वर्षाचे पैसे अडकलेल्या ग्राहकाला कोणी घाईने उत्तर देत नाही.

केबलवाल्याकडून नेट असेल तर

आपल्याकडे तालुक्याच्या गावी आणि शहरांतल्या जुन्या वस्त्यांत नेट देणारा माणूस ओळखीचा असतो. तोच पूर्वी केबल टीव्ही देत होता, आता त्याच खांबांवरून फायबर ओढतो. त्याची सेवा पुष्कळदा मोठ्या कंपनीपेक्षा चांगली असते, कारण फोन केला की तो स्वतः शिडी घेऊन येतो. पण पैसे रोख, पावती नाही, फार तर एका वहीत टिकमार्क. सगळं सुरळीत असेपर्यंत हे चालतं. बिघडलं की कागदावर तुम्ही कोणाचेच ग्राहक नसता.

परवाना बहुतेकदा त्याच्याकडे नसतो, ज्या इंटरनेट कंपनीची लाइन तो पुरवतो तिच्याकडे असतो. तो बहुधा तिचा फ्रँचायझी किंवा भागीदार. म्हणून त्याच्याकडून कंपनीचं नाव, तुमचा कस्टमर आयडी आणि जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागा. कंपनीच्या अॅपमध्ये तुमचा मोबाइल नंबर टाकून खातं उघडतं का ते पाहा. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे निदान बँकेकडे नोंद राहते. "आपल्यात कशाला पावती" असं तो म्हणेल. नातं न बिघडवता सांगा की ऑफिसात खर्च दाखवायला बिल लागतं; त्याला नाही म्हणायला जागा राहत नाही.

वेग मोजा, पण वायर लावून

बहुतेक तक्रारी इथेच पडतात. वायफायवर घेतलेल्या स्पीड टेस्टला कंपनी किंमत देत नाही, आणि त्यात तथ्य आहे. वायफायचा वेग भिंती, शेजाऱ्यांची राउटरं, फोनचं वय या सगळ्यांवर अवलंबून असतो. कंपनी जबाबदार आहे ती राउटरपर्यंत येणाऱ्या वेगाची.

म्हणून लॅपटॉपला लॅन केबल लावा आणि दुसरं टोक थेट राउटरच्या लॅन पोर्टमध्ये घाला. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीचा अॅडॉप्टर मिळतो. घेताना गिगाबिटचाच घ्या. घरातले बाकीचे फोन, टीव्ही, कॅमेरे काही मिनिटांसाठी वायफायवरून काढा. लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर बंद करा, अपडेट उतरत असतील तर थांबवा.

एक सापळा आधीच सांगतो. प्लॅन २०० किंवा ३०० चा आणि वायरवरही दर वेळी ९३-९५ च दिसत असेल, तर लाइनला दोष देण्याआधी केबल आणि पोर्ट तपासा. जुन्या प्रकारचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसवरच अडतो आणि प्रत्यक्षात ९४-९५ च देतो. केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटली असली तरी जोडणी गुपचूप १०० वर उतरते. केबलवर "कॅट ५ई" किंवा "कॅट ६" छापलेलं असावं. काही कंपन्या ३०० चा प्लॅन विकून १०० च्या पोर्टचा राउटर देतात. तसं असेल तर राउटर बदलून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मग मोजायला बसा. टेस्टचं अॅप किंवा वेबसाइट आपोआप जो सर्व्हर निवडते, तो पुष्कळदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यातला असतो. तिथपर्यंतचा रस्ता मोकळा असतो, त्यामुळे आकडा गुलाबी दिसतो. तुमची अडचण बहुधा त्या जाळ्याबाहेर पडताना असते. म्हणून तीन टेस्ट घ्या: एक आपोआप निवडलेल्या सर्व्हरवर, एक हाताने निवडलेल्या मुंबईतल्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, आणि एक फास्ट डॉट कॉमवर, जी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजते. पहिला आकडा ९५ आणि दुसरा २० येत असेल, तर हा फरकच तुमचा सगळ्यांत बळकट पुरावा आहे.

वेळाही वेगवेगळ्या हव्यात. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री नऊ ते अकराच्या मध्ये, असं आठवडाभर. प्रत्येक टेस्टचा स्क्रीनशॉट ठेवा, त्यात तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. सोबत एका साध्या शीटमध्ये नोंद करा. एक ओळ अशी दिसेल (वेग एमबीपीएसमध्ये; पिंग म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागलेला वेळ, मिलिसेकंदांत):

१२ तारीख, रात्री ९:४०, वायर, मुंबई दुसरी कंपनी, डाउनलोड १८, अपलोड ६, पिंग ७१.

सकाळी ९५ आणि रात्री १८ असं रोज होत असेल तर कारण जवळजवळ स्पष्ट आहे. घरगुती फायबरमध्ये एका लाइनवर स्प्लिटर (फायबरचे फाटे करणारा भाग) लावून ३२ किंवा ६४ घरं जोडलेली असतात आणि त्या सगळ्यांत मिळून सुमारे अडीच गिगाबिटची क्षमता वाटली जाते. पण अडचण पुष्कळदा त्याच्या पुढे असते: तुमच्या भागातल्या सगळ्या ग्राहकांसाठी कंपनीने किंवा फ्रँचायझीने वरून जी बँडविड्थ (वेगाची एकूण क्षमता) घेतली आहे, ती ग्राहक वाढले त्या प्रमाणात वाढवलेली नसते. रात्री सगळे एकदम बसले की ती पुरत नाही. हे तुमच्या घरी येऊन कोणताही लाइनमन दुरुस्त करू शकत नाही, म्हणून ही तक्रार वरच न्यावी लागते. त्याच कंपनीचं नेट असलेल्या शेजाऱ्याला त्याच वेळी मोजायला सांगा. एका सोसायटीतल्या चार घरांचे एकाच रात्रीचे आकडे एकत्र गेले की "तुमच्या घरातला प्रॉब्लेम आहे" हे उत्तर चालत नाही.

डाउनलोड भरपूर असूनही मीटिंगमध्ये आवाज तुटतो, ही वेगळी व्यथा. तिथे वेग पाहू नका, पिंग पाहा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी राउटरला पिंग करा (पत्ता बहुतेकदा १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या खालच्या स्टिकरवर सापडतो) आणि मग ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर), दोन्ही वेळा शंभरेक पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, पाठवा. राउटरपर्यंतच पॅकेट गळत असतील तर दोष घरातला: वायफाय किंवा केबल. राउटरपर्यंत शून्य गळती आणि बाहेर शंभरात पाच-सात गळत असतील तर दोष लाइनमधला. ही तपासणी पाच मिनिटांत होते आणि भांडणाचा अर्धा भाग तिथल्या तिथे मिटवते.

कधी कधी फक्त परदेशातल्या साइट मंद होतात आणि भारतातलं सगळं नीट चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाहजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा भारतातही हेच झालं. अशा वेळी तक्रार करून फार काही होत नाही, थोडं थांबावं लागतं.

वायरवर वेग नीट आणि वायफायवरच वाईट असेल तर उपाय घरातच आहे. राउटर टीव्हीच्या मागून, लोखंडी कपाटाजवळून हलवा आणि घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. फोन पाच गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडा, २.४ गिगाहर्ट्झवर सोसायटीतली सगळी राउटरं एकमेकांवर ओरडत असतात, कारण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. जाड भिंतींच्या जुन्या घरात पाच गिगाहर्ट्झ दुसऱ्या खोलीत पोचत नाही. तिथे लॅन केबल ओढून दुसरा अॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावणं हाच टिकाऊ इलाज. त्यासाठी मोठा प्लॅन घेऊ नका. कस्टमर केअरवाला "सर, ३०० चा घ्या, मग नीट चालेल" म्हणतो ते इथे साफ चुकीचं असतं.

लाइनमन आला की

तो यायच्या आधी राउटरच्या डब्याचे दिवे पाहून फोटो काढून ठेवा. पॉनचा (PON, फायबरच्या जोडणीचा) दिवा हिरवा स्थिर हवा. एलओएसचा (LOS, सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचतच नाहीये: फायबर तुटली आहे, कुठे दाबली गेली आहे किंवा जोड सुटला आहे. पावसाळ्यात गच्चीवरच्या उघड्या जोडात पाणी जातं, रस्ता खोदला की फायबर तुटते, आणि खिडकीच्या फटीत चिमटलेली फायबर तर घराघरांत सापडते. फायबर तारेसारखी काटकोनात वळवली की प्रकाश बाहेर गळतो. तिला पेल्याच्या घेराएवढं तरी वळण लागतं.

लाइनमनला एकच गोष्ट नम्रपणे सांगा: "दादा, पॉवर मीटर लावून बघा ना." छोटं यंत्र असतं, फायबरचं टोक त्यात घातलं की डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजण्याच्या एककात) आकडा येतो. हा आकडा उणे असतो. साधारण उणे १५ ते उणे २५ च्या मध्ये असेल तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेला तर नेट सारखं तुटणार, पाऊस पडला की बंद पडणार. आकड्याचा फोटो घ्या. त्याच्याकडे मीटर नसेल तर राउटरच्या सेटिंगच्या पानावरही पुष्कळदा हा आकडा दिसतो, त्याच्याकडून तो उघडून घ्या.

या माणसाशी भांडू नका. तो बहुतेक वेळा कंत्राटी असतो आणि दिवसात ठराविक तक्रारी बंद करण्याचं टार्गेट त्याच्या डोक्यावर असतं. पण या टार्गेटमुळेच एक गोष्ट घडते ज्याची तुम्ही काळजी घ्यायला हवी: निघताना तो म्हणतो, "मॅडम, एक ओटीपी आला असेल तो सांगा." तो ओटीपी म्हणजे तक्रार मिटल्याची तुमची सही. काम झालं नसेल तर देऊ नका. "रात्री मोजून बघते, मग देते" एवढं पुरे. ओटीपी न देताही तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला तर लगेच, त्याच दिवशी, ती पुन्हा उघडा आणि "काम न होता बंद केली" असं लिहा. "ग्राहक घरी नव्हते" असं कारण लावलेलं असेल तर त्या वेळी तुम्ही घरी होतात हे लिहून ठेवा.

डॉकेट नंबर

ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमावलीने दोन पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिली कंपनीचं तक्रार केंद्र, दुसरी कंपनीचं अपील प्राधिकरण. पहिली न चढता कुठेही गेलात तर तुम्हाला परत इथेच पाठवतात.

तक्रार केंद्राने प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर द्यायला हवा आणि तो एसएमएसने पाठवायला हवा. चॅटबॉटशी तासभर बोललात, एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) कंपनीला टॅग केलं, "आम्हाला डीएम करा" असं उत्तर आलं, यातलं काहीही डॉकेट नंबराशिवाय तक्रार ठरत नाही. फोन ठेवण्याआधी नंबर मागा आणि तोच नंबर सांगून ईमेलही टाका, म्हणजे लेखी राहतं. तीच अडचण पुन्हा आली तर जुन्या नंबराचा उल्लेख करून नवा घ्या. एकाच दोषाचे चार डॉकेट नंबर म्हणजे दोष कधी दुरुस्तच झाला नाही, हे त्यातून आपोआप दिसतं.

ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यातलं तुमच्या कामाचं असं: पैसे भरल्यापासून सात दिवसांत जोडणी द्यायची, आणि वायरच्या जोडणीतला दोष तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर पोस्टपेड आणि प्रीपेड दोन्ही ग्राहकांना भरपाई द्यायची. ही भरपाई आपणहून खात्यात जमा होईल या आशेवर राहू नका. बिलात दिसली नाही तर डॉकेट नंबर आणि बंद असलेल्या तारखा लिहून मागा. चार दिवस नेट बंद होतं म्हणून कंपनीने "सॉरी"चा मेसेज पाठवला, एवढ्यावर विषय संपत नाही.

बिलातल्या चुकीची तक्रार करताना फक्त वादातली रक्कम वेगळी दाखवा आणि बाकीचं बिल भरून टाका. संपूर्ण बिल अडवून ठेवलं की कंपनी सेवा बंद करते आणि मग मूळ तक्रार बाजूला पडून थकबाकीची भाषा सुरू होते.

अपील कसं लिहायचं

तक्रारीच्या निकालाने समाधान झालं नाही किंवा मुदतीत उत्तरच आलं नाही, तर ३० दिवसांच्या आत अपील करा. फी लागत नाही. ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. प्रत्येक कंपनीच्या अपील प्राधिकरणाचा ईमेल आणि फोन ट्रायच्या टीसीसीएमएस या पोर्टलवर कंपनी आणि राज्य निवडून मिळतो. कंपनीच्या वेबसाइटवर तो तळाशी, बारीक अक्षरात असतो. कस्टमर केअरला विचारलं तर पुष्कळांना हे प्राधिकरण असतं हेच माहीत नसतं.

मजकूर छोटा ठेवा. राग मनात असला तरी ईमेलमध्ये आणू नका. असा नमुना वापरता येईल:

"विषय: डॉकेट क्र. ... विरुद्ध अपील, कस्टमर आयडी ...

महोदय, माझा १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, त्याचे करासह दरमहा ... रुपये मी नियमित भरतो. ... तारखेपासून रात्री ९ ते ११ या वेळात लॅन केबलवर मोजलेला वेग १५ ते २२ एमबीपीएस येतो, सकाळी ९० च्या वर येतो. डेटाची मर्यादा संपलेली नाही. याबाबत ..., ... आणि ... या डॉकेट क्रमांकांनी तक्रारी केल्या. दोष दुरुस्त न होताच तिन्ही तक्रारी बंद करण्यात आल्या. आठवडाभराच्या नोंदी, स्क्रीनशॉट आणि बिल सोबत जोडले आहे.

माझी मागणी: १) वेग प्लॅनप्रमाणे करावा. २) वरील काळाच्या भाड्यात सूट द्यावी. ३) १५ दिवसांत हे शक्य नसेल तर जोडणी बंद करून आगाऊ भरलेल्या रकमेतले उरलेले पैसे आणि अनामत परत करावी."

तिसरी मागणी आवर्जून लिहा. वर्षाचे पैसे अडकलेल्यांना बाहेर पडायला तीच वाट लागते. आणि हे अपील नुसतं फॉर्म म्हणून करू नका: पुढे कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न "अपील केलंत का?" हाच येतो.

कंपनीच्या बाहेर

पुष्कळ जण थेट ट्रायला लिहितात आणि निराश होतात. ट्राय नियम करते, दंड लावते. एकेका ग्राहकाची तक्रार सोडवण्याचा अधिकार तिला कायद्याने दिलेला नाही. अपीलानंतर खालचे रस्ते खुले आहेत.

दूरसंचार विभागाकडे: सीपीग्राम्स या सरकारी तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडून, किंवा १०६३ या क्रमांकावर. डॉकेट आणि अपील दोन्हींचे क्रमांक लागतील. इथून गेलेल्या तक्रारीला कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला लेखी उत्तर द्यावं लागतं, म्हणून बऱ्याच अडकलेल्या रकमा याच पायरीवर सुटतात.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५. मराठीत बोलता येतं. इथे खटला चालत नाही, कंपनीकडे पाठपुरावा होतो. परतावा, चुकीचं बिल, न मागितलेली सेवा, अशा पैशाच्या तक्रारींना हा रस्ता बरा पडतो.

आणि जिल्हा ग्राहक आयोग. बरीच वर्षं कंपन्या असं सांगून सुटायच्या की टेलिग्राफ कायद्यामुळे दूरसंचाराचे वाद ग्राहक न्यायालयात चालत नाहीत. २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल त्यासाठी दाखवला जायचा. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानेच ही पळवाट बंद केली. अहमदाबादच्या एका मोबाइल ग्राहकाचं महिन्याचं सरासरी बिल ५५५ रुपये असताना क्रेडिट कार्डावरून आपोआप २४ हजारांहून जास्त कापले गेले होते. दूरसंचार सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येतं, हे त्या प्रकरणात ठरलं. त्यामुळे कंपनीच्या वकिलाने नोटिशीला उत्तर देताना अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढला तर घाबरू नका.

तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही, आणि ब्रॉडबँडचं बिल त्याच्या जवळपासही जात नाही. वकील लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. आधी कंपनीला १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. नोटिशीवरच तडजोड होणं अगदी नेहमीचं आहे. कागदपत्रं कशी लावायची कळत नसेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे कार्यकर्ते मार्गदर्शन करतात. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करते आहे. तालुक्यातही ग्राहक पंचायतीचा कोणी ना कोणी असतोच, विचारून पाहा.

चारशे-पाचशे रुपयांसाठी एवढं कोण करणार, असं मनात येतं. प्रत्येकाने असंच म्हटल्यामुळे एका भागातल्या हजार ग्राहकांचा वेग रोज रात्री पडतो आणि कंपनीला बँडविड्थ वाढवायचं कारणच उरत नाही. आयोगापर्यंत जायची गरज फार थोड्यांना पडेल, पण डॉकेट आणि अपील तरी प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं.

सोडून जाताना

ब्रॉडबँडमध्ये मोबाइलसारखी पोर्टिंगची सोय नाही. म्हणून जुनी जोडणी तोडण्याआधी नवी घ्या आणि दहा-पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवून नवीचा रात्रीचा वेग त्याच पद्धतीने वायरवर मोजा. सोसायटीत एकाच कंपनीला परवानगी असेल तर हा प्रश्न सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर आणा. सचिवाला जिन्यात गाठून काही होत नाही.

जोडणी बंद करण्याची विनंती ईमेलने करा आणि तिचाही क्रमांक घ्या. नुसतं पैसे भरणं थांबवलं की पोस्टपेड बिल वाढत राहतं आणि काही महिन्यांनी वसुलीचे फोन सुरू होतात. राउटर परत देताना त्याच्या मागच्या सीरियल नंबरचा फोटो काढा, नेणाऱ्याकडून पावती किंवा निदान मेसेज घ्या, अॅडॉप्टरही दिला असं त्यात लिहून घ्या; अनामत अडवायला "अॅडॉप्टर मिळाला नाही" हे कारण हमखास पुढे येतं. शेवटचं बिल शून्य झालं की यूपीआय अॅपमध्ये ऑटो-पेच्या यादीत जाऊन कंपनीचं मँडेट स्वतः रद्द करा. नेट बंद झालं म्हणून ते आपोआप रद्द होत नाही. अनामत खात्यात येईपर्यंत सगळे स्क्रीनशॉट आणि ईमेल जपून ठेवा, आणि ती आली नाही तर त्याच दोन पायऱ्या पुन्हा: नवा डॉकेट नंबर, मग अपील.